युरिएज टेस्ट निगेटिव्ह, पण एलसीआयमध्ये जठर लालभडक: पायलोरी आहे की नाही, कसं ठरवायचं?

फेलो_जठरांत्र (प्रश्न)

नमस्कार. एन्डोस्कोपी शिकणाऱ्या बहुतेकांना अडवणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर विचारतो.

केस अशी धरा. वय चाळिशीच्या आसपास, काही महिन्यांपासून जेवणानंतर पोट जड होणं आणि मळमळ. पायलोरीचे (हेलिकोबॅक्टर पायलोरी, जठरात राहणारा जंतू) उपचार पूर्वी कधीच झालेले नाहीत. पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गटातली गोळी) चालू आहे, स्कोपीआधी बंद केलेलं नाही. व्हाइट लाइटमध्ये (साध्या पांढऱ्या उजेडात) अँट्रमला (जठराच्या खालच्या टोकाला) थोडी लाली, बाकी फारसं काही डोळ्यांत भरत नाही. एलसीआयचं (रंगांतला फरक वाढवून दाखवणारा मोड) बटण दाबलं की बॉडी (जठराचा मधला मोठा भाग) आणि फंडस (वरचा घुमट) गडद किरमिजी दिसतात आणि अँट्रममध्ये मधेमधे जांभळट चट्टे दिसतात. अँट्रममधून एकच तुकडा घेऊन रॅपिड युरिएज टेस्ट (पायलोरीचं युरिएज हे विकर रंगबदलावरून ओळखणारी) लावली, ती निगेटिव्ह आली.

आता विश्वास कशावर ठेवायचा, चित्रावर की टेस्टवर? एलसीआय आणि बीएलआय, एनबीआय (अस्तराची नक्षी आणि रक्तवाहिन्या ठळक करणारे मोड) यांचा क्रम कसा असावा? मॅग्निफिकेशनवाला स्कोप नसेल तर एनबीआयचा कितपत उपयोग होतो? बायोप्सी किती आणि नेमक्या कुठून घ्यायच्या? आणि रिपोर्टमध्ये नुसतं 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' लिहून सोडायचं की आणखी काही लिहायला हवं?

दुर्बीणकार

या केसमध्ये 'पायलोरी निगेटिव्ह' असं लिहू नका. पीपीआय चालू असताना अँट्रमच्या एका तुकड्यावर आलेलं निगेटिव्ह उत्तर म्हणजे उत्तरच मिळालेलं नाही, असं समजा. पीपीआयने जंतूंची संख्या घटते आणि उरलेले जंतू अँट्रम सोडून वर बॉडीकडे सरकतात. म्हणजे तुकडा नेमका जिथे जंतू कमी, तिथूनच घेतला गेला. सुजेच्या खुणा मात्र गोळी घेतल्याने चार दिवसांत पुसल्या जात नाहीत, त्यामुळे अशा वेळी चित्र टेस्टपेक्षा जास्त सांगून जातं. तरीही निव्वळ चित्रावर उपचार सुरू करू नयेत. चित्राचं खरं काम म्हणजे बायोप्सीची जागा दाखवणं, आणि आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का हे तपासणं.

सुरुवात व्हाइट लाइटनेच करा, आणि पहिली नजर अँट्रमवर नको, बॉडीच्या खालच्या भागातल्या लेसर कर्व्हवर (जठराची आखूड, आतली कड) आणि अँगलवर (बॉडी आणि अँट्रममधलं वळण) टाका. तिथे स्कोप जवळ नेला की निरोगी जठरात बारीक लालसर ठिपके सारख्या अंतरावर मांडलेले दिसतात. आणखी जवळ गेलं की प्रत्येक ठिपक्याला फाटे फुटलेले दिसतात. या कलेक्टिंग व्हेन्यूल्स, म्हणजे रक्त गोळा करणाऱ्या सूक्ष्म शिरा. त्यांच्या या नियमित मांडणीला आरएसी म्हणतात. जंतूंमुळे सूज आली की वरचा थर जाड आणि गढूळ होतो आणि ही मांडणी दिसेनाशी होते. अँगलपर्यंत आरएसी स्वच्छ दिसत असेल आणि पूर्वी उपचार झालेले नसतील, तर संसर्ग असण्याची शक्यता फारच कमी. जागेचा आग्रह मात्र धरायलाच हवा, कारण सूज साधारणपणे खालून वर चढते आणि संसर्ग असलेल्या जठरातही वरच्या ग्रेटर कर्व्हला (लांब, बाहेरची कड) आरएसी टिकून राहू शकते. अँट्रममध्ये तर ती शोधूच नये, तिथली सूक्ष्म रक्तवाहिन्यांची रचनाच वेगळी असते.

त्यानंतर एलसीआय. त्यात लाल अधिक लाल आणि फिकट अधिक फिकट होतं, म्हणून पसरट लाली, जिला डिफ्यूज रेडनेस म्हणतो, ती लांबूनही उठून दिसते. संसर्ग नसलेली बॉडी फिकट जर्दाळूच्या रंगाकडे झुकते, चालू संसर्गात ती किरमिजी होते. अँट्रममधले जांभळट चट्टे इंटेस्टिनल मेटाप्लेसियाकडे (जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं) बोट दाखवतात. एनबीआय आणि बीएलआय शेवटी, आणि तेही जवळ जाऊनच. जठराची पोकळी मोठी, त्यामुळे लांबून एनबीआय अंधारं दिसतं आणि फंडसमध्ये तर जवळजवळ काहीच कळत नाही. बीएलआय थोडं उजेडी आहे, पण तपशील त्यातही जवळूनच मिळतो.

आता क्योटो स्कोअर, म्हणजे चित्रातल्या खुणांना दिलेले गुण. अ‍ॅट्रोफी (अस्तर झिजून पातळ होणं) ० ते २, मेटाप्लेसिया ० ते २, जाड घड्या ० किंवा १, नोड्युलॅरिटी (अस्तरावरचे बारीक उंचवटे) ० किंवा १ आणि डिफ्यूज रेडनेस ० ते २, एकूण ८. अ‍ॅट्रोफीसाठी किमुरा-ताकेमोतो यांचं १९६९ पासून चालत आलेलं वर्गीकरण वापरतात: सी-१ पर्यंत ०, सी-२ आणि सी-३ ला १, ओ-१ पासून पुढे २ (सी म्हणजे झीज लेसर कर्व्हपुरती, ओ म्हणजे त्यापलीकडे पसरलेली). घड्या हवा भरपूर भरल्यावरही सपाट होत नसतील आणि ५ मिमी किंवा त्याहून रुंद असतील तरच गुण द्यायचा. अर्धवट फुगवलेल्या जठरात सगळ्याच घड्या जाड दिसतात, आणि शिकताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. लाली आहे पण काही ठिकाणी आरएसी शिल्लक असेल तर १, पार नाहीशी असेल तर २.

तुमच्या केसला लालीचे २ आणि अँट्रममधल्या मेटाप्लेसियाचा १ धरला तर अ‍ॅट्रोफी न मोजताच ३ होतात. एकूण २ किंवा जास्त गुण असतील तर संसर्गाची शंका पक्की धरावी. एक पथ्य पाळा: स्कोअर मुळात व्हाइट लाइटवर बेतलेला आहे. एलसीआयमध्ये दिसलेली लाली परत व्हाइट लाइटमध्ये जाऊन पाहा, मगच गुण द्या. नाहीतर सगळ्यांनाच २ मिळतील.

स्लाइडवाली

पॅथॉलॉजीच्या बाजूने लिहिते.

युरिएज खोटी निगेटिव्ह येण्यामागे पीपीआय हे मोठं कारण आहेच, पण एकटं नाही. गेल्या ४ आठवड्यांत अँटिबायोटिक किंवा बिस्मथ घेतलेलं असणं, जठरात ताजं रक्त असणं, तुकडा फारच छोटा असणं, आणि किट वेळेआधी वाचून फेकून देणं. जेलचं किट काही तासांत पिवळंच आहे म्हणून निगेटिव्ह लिहायचं नसतं, त्याची वाचनाची अंतिम वेळ २४ तासांपर्यंत असते. वेळ किटवर छापलेली असते, तीच पाळा. उलट त्या वेळेनंतर कधीतरी गुलाबी झालेलं किटही धरायचं नाही, तोंडातले किंवा इतर युरिएज बनवणारे जंतू तेवढ्या वेळात रंग बदलू शकतात.

आणखी एक कारण अगदी साधं, म्हणून सुटून जातं. पॅथॉलॉजीचा तुकडा आधी घेतला, फोर्सेपचं टोक फॉर्मलिनच्या बाटलीत बुडवून हलवलं आणि त्याच फोर्सेपने युरिएजचा तुकडा घेतला, की फॉर्मलिनचा अंश किटमध्ये जातो आणि टेस्ट मेली. म्हणून युरिएजचे तुकडे नेहमी सगळ्यात आधी घ्या.

जागेबद्दल: जिथे आतड्यासारखं अस्तर तयार झालेलं असतं, त्या मेटाप्लेसियाच्या पट्ट्यावर पायलोरी सहसा राहत नाही. तुमच्या केसमध्ये अँट्रमचा तुकडा नेमका जांभळट चट्ट्यातून निघाला असेल, तर पीपीआय नसतानाही तो निगेटिव्ह येऊ शकतो. युरिएजसाठी दोन तुकडे घ्या, एक अँट्रमच्या ग्रेटर कर्व्हवरून जिथे अस्तर त्यातल्या त्यात बरं दिसतंय, आणि एक बॉडीच्या ग्रेटर कर्व्हवरून, लाल पण अ‍ॅट्रोफी नसलेल्या भागातून. मेटाप्लेसियाची खात्री करायची असेल तर बरोबर उलटं करायचं: एनबीआयमध्ये जो भाग संशयास्पद आहे तिथूनच तुकडा घ्यायचा. दोन प्रश्न, दोन वेगळ्या जागा. एकाच तुकड्याकडून दोन्ही उत्तरं मागितली की घोळ होतो.

हिस्टोपॅथॉलॉजीसाठी सुधारित सिडनी पद्धतीचे पाच तुकडे: अँट्रमच्या लेसर आणि ग्रेटर कर्व्हवरून प्रत्येकी एक, पायलोरसपासून २ ते ३ सेंमीच्या आत; अँगलवरून एक; आणि बॉडीच्या लेसर व ग्रेटर कर्व्हवरून प्रत्येकी एक. अँट्रम, अँगल आणि बॉडी वेगळ्या बाटल्यांत. सगळं एकाच बाटलीत आलं तर अ‍ॅट्रोफी कुठपर्यंत पसरली आहे हे आम्हाला सांगता येत नाही, आणि कॅन्सरची जोखीम त्या पसरण्यावरच ठरते.

फॉर्मवर 'पीपीआय चालू, एलसीआयमध्ये बॉडीला डिफ्यूज रेडनेस, युरिएज निगेटिव्ह' एवढी एक ओळ लिहाच. स्लाइडमध्ये न्यूट्रोफिल (चालू सूज दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर आणि साध्या रंगात जंतू दिसत नाहीत, असं असेल तर ती ओळ वाचून आम्ही गिम्सा किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (जंतू ठळक करणाऱ्या खास रंगपद्धती) लावतो. पीपीआयखाली जंतू गोलसर होतात आणि संख्येनेही कमी असतात, साध्या रंगात सहज निसटतात.

झूम१००

दुर्बीणकार सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण एलसीआयच्या किरमिजी रंगावर मी त्यांच्याएवढा भरवसा ठेवणार नाही. पोर्टल हायपरटेन्शनमध्येही (यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला वाढलेला दाब) बॉडी लाल दिसते, तिथे जाळीसारखी नक्षी पाहावी लागते. स्कोपच्या सक्शनने उठलेले लाल वण तर रोजचेच. शिवाय ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच जठरावर उलटते) बॉडीतली आरएसी जाते आणि पायलोरी नसतानाही चित्र फसवतं. तिथे ओळखीची खूण म्हणजे उलटी अ‍ॅट्रोफी: बॉडी आणि फंडस झिजलेले, खालच्या रक्तवाहिन्या उघड्या पडलेल्या, आणि अँट्रम मात्र बऱ्यापैकी शाबूत. पायलोरीची अ‍ॅट्रोफी अँट्रमकडून सुरू होऊन लेसर कर्व्हने वर चढते. ऑटोइम्यूनमध्ये आम्ल जवळजवळ नसल्याने जठरात इतर युरिएजवाले जंतू वाढतात आणि ब्रेथ टेस्ट (श्वासावरून युरिएज ओळखणारी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे फसगत दोन्ही बाजूंनी.

म्हणून जवळ जाऊन पाहणं टाळू नका. एनबीआयमध्ये ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यांचा प्रकाश असतो आणि हिमोग्लोबिन तो शोषतं. वरच्या केशवाहिन्या तपकिरी आणि खोलवरच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात. मॅग्निफिकेशन असेल तर बॉडीच्या ग्रेटर कर्व्हला क्रमाने हे पाहा. निरोगी असेल तर बारीक गोल छिद्रं, त्यांच्याभोवती मधाच्या पोळ्यासारखं केशवाहिन्यांचं जाळं आणि मधूनमधून कलेक्टिंग व्हेन्यूल. सूज आली की आधी व्हेन्यूल दिसेनाशा होतात, मग छिद्रं मोठी आणि पांढुरकी होतात, जाळं अनियमित होतं. पुढे छिद्रं लांबट होतात. अ‍ॅट्रोफी-मेटाप्लेसियाच्या टप्प्यात गोल छिद्रं जाऊन लांब नळ्यांची किंवा बोटांसारख्या उंचवट्यांची रचना येते आणि तिच्यात वळणदार रक्तवाहिन्या ठळक दिसतात.

ऑप्टिकल झूम नसेल तरी निअर फोकस असलेल्या स्कोपवर यातलं बरंचसं कळतं. तेही नसेल तर निदान लाइट ब्लू क्रेस्ट शोधा: उंचवट्याच्या कडेला बारीक फिकट निळी रेघ. ती मेटाप्लेसियाची खूण आहे आणि जवळ गेलं की साध्या एनबीआयमध्येही सापडते. मेटाप्लेसियाची मोजणी ईजीजीआयएम पद्धतीने करा. अँट्रम आणि बॉडीचे लेसर व ग्रेटर कर्व्ह आणि अँगल, अशा पाच जागा. प्रत्येकी ०, १ किंवा २, म्हणजे मेटाप्लेसिया नाही, ३० टक्क्यांपर्यंत, त्याहून जास्त. एकूण १० पैकी ५ किंवा जास्त असतील तर पसरलेला मेटाप्लेसिया धरून पाठपुराव्याची आखणी करायची.

झूम करताना टोकाला मऊ काळी टोपी लावा, साधारण २ मिमी पुढे येईल अशी. त्याशिवाय अंतर स्थिर राहत नाही आणि श्वासाबरोबर फोकस सुटतो. टोपी अस्तरावर दाबू मात्र नका. दाबली की केशवाहिन्या रिकाम्या होतात आणि नसलेली विकृती दिसायला लागते. त्यातून रक्त आलं तर त्या जागेचं चित्र गेलंच.

स्कोपरूम_सिस्टर

वरचं सगळं खरं, पण फेस आणि चिकट पदर तसेच ठेवून कुठलंही बटण दाबलं तरी उपयोग नाही. पायलोरीच्या जठरात चिकट, गढूळ म्युकस जास्त असतोच, आणि एनबीआयमध्ये पित्त लालसर दिसत असल्याने ते रक्तच वाटतं.

आमच्याकडची पद्धत लिहिते. घन आहार ६ तास आणि स्वच्छ पाणी २ तास बंद. स्कोपीच्या १५ ते ३० मिनिटं आधी साधारण १०० मिली पाण्यात सिमेथिकोन १०० मिलिग्रॅम आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन ६०० मिलिग्रॅम. सिमेथिकोन फेस मोडतं, अ‍ॅसिटिलसिस्टीन म्युकस पातळ करतं. एकाचं काम दुसरं करत नाही. फार आधी दिलं तर औषध पुढे आतड्यात निघून जातं, टेबलावर चढताना दिलं तर काम करायला वेळच मिळत नाही. दम्याच्या रुग्णाला अ‍ॅसिटिलसिस्टीन देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

उरलेला म्युकस वॉटर जेटने धुवा, पण धार तिरकी पाडा. सरळ जोराची धार मारली की अस्तरावर लाल ठिपके उठतात, मग तेच रेडनेस म्हणून मोजले जातात. जेटच्या पाण्यात सिमेथिकोन घालायचं झालं तर अगदी थोडं. जास्त असलं की त्याचा थर स्कोपच्या चॅनेलमध्ये बसतो आणि नेहमीच्या धुण्याने पूर्ण निघत नाही.

जठर हलत असेल तर हायोसिन देतात, पण काचबिंदू, हृदयाचे जलद ठोके आणि प्रोस्टेटचा त्रास आधी विचारून घ्यायचा. आणि फोटो फ्रीझ करताना कोणता मोड चालू आहे ते स्क्रीनवर दिसू द्या. नाहीतर महिन्यांनी फोटो काढून पाहिले की लाली खरी होती की एलसीआयची, हे कुणालाच सांगता येत नाही.

फेलो_जठरांत्र

सर, मॅडम, सिस्टर, मनापासून आभार. युरिएजसाठी आणि मेटाप्लेसियासाठी जागा उलट, हे कुठेच इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं.

एक उपप्रश्न. याच रुग्णाला पूर्वी पायलोरीचे उपचार झालेले असते, तर चित्र कसं वाचायचं?

झूम१००

तिथे 'चालू संसर्ग', 'होऊन गेलेला संसर्ग' आणि 'कधीच नव्हता' असे तीन खाने डोक्यात ठेवा. जंतू गेल्यावर पसरट लाली आणि चिकट म्युकस कमी होतात, घड्या बारीक होतात, आरएसी काही ठिकाणी परत येऊ शकते. अ‍ॅट्रोफी आणि मेटाप्लेसिया मात्र बहुतेकदा राहतात. त्यामुळे उपचार झालेल्या रुग्णात क्योटोचा एकूण आकडा फसवा ठरतो, निव्वळ जुन्या डागांवर ३-४ गुण होतात.

होऊन गेलेल्या संसर्गाची खास खूण म्हणजे मॅप-लाइक रेडनेस: किंचित खोलगट, स्पष्ट कडेचे, वेड्यावाकड्या आकाराचे लाल चट्टे, आजूबाजूचं अस्तर फिकट. डिफ्यूज रेडनेसच्या बरोबर उलट, कारण तिथे लालीला कडच नसते. एलसीआयमध्ये हे चट्टे बऱ्याचदा जांभळट दिसतात आणि बायोप्सीत मेटाप्लेसिया निघतो. पण या चट्ट्यांमध्ये एखादा केशरी-लालसर, रचना बिघडलेला भाग वेगळा दिसला तर तिथे झूम करून थांबा. जंतू गेल्यानंतर होणारे छोटे कॅन्सर अशाच चट्ट्यांत लपतात.

स्लाइडवाली

स्लाइडवरही तसंच. जंतू गेले की न्यूट्रोफिल काही आठवड्यांत हटतात, लिम्फोसाइट मात्र वर्षाहूनही जास्त काळ रेंगाळतात. म्हणून 'क्रॉनिक इनॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस' एवढंच आलं तर उपचार फसले असं समजू नका. 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द आला तर मात्र पुन्हा शोधा.

दुर्बीणकार

मूळ केसकडे येतो. सिडनीचे तुकडे घेतले नसतील तर लगेच पुन्हा स्कोपी करायची गरज नाही. पीपीआय २ आठवडे बंद ठेवून युरिया ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन (शौचातले जंतूचे अंश शोधणारी टेस्ट) करा. त्या काळात जळजळ सहन होत नसेल तर एच-टू ब्लॉकर देता येतं, टेस्टच्या आदल्या दिवशी तेही बंद. पीपीआय बंदच करता येत नसेल, तर या आधी कधीही उपचार न झालेल्या रुग्णात रक्तातली आयजीजी अँटिबॉडी चित्राला आधार देऊ शकते, कारण तिच्यावर पीपीआयचा परिणाम होत नाही. उपचार झालेल्यात ती वापरू नका, जंतू गेल्यावरही दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहते. उपचारांनंतरची खात्री औषधं संपून किमान ४ आठवड्यांनी, पुन्हा पीपीआय २ आठवडे बंद ठेवून.

ब्रेथ टेस्टही निगेटिव्ह आली आणि चित्र असंच लाल राहिलं, तर झूम१०० यांनी लिहिलेली ऑटोइम्यूनची शक्यता उघडा: गॅस्ट्रिन, बी-१२, पराएटल सेलची अँटिबॉडी.

रिपोर्टमध्ये 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' लिहून पुढच्या डॉक्टरच्या हाती काहीच लागत नाही. असं लिहा: 'तयारी चांगली. बॉडीच्या खालच्या लेसर कर्व्हला आणि अँगलला आरएसी नाही. बॉडी-फंडसला डिफ्यूज रेडनेस, व्हाइट लाइट आणि एलसीआय दोन्हींत. अ‍ॅट्रोफी सी-२. अँट्रममध्ये एलसीआयला जांभळट चट्टे, एनबीआयमध्ये लाइट ब्लू क्रेस्ट. क्योटो स्कोअर ४. चालू पायलोरी संसर्गाशी सुसंगत. युरिएज पीपीआय चालू असताना, फक्त अँट्रममधून, निगेटिव्ह. ग्राह्य धरू नये. पीपीआय २ आठवडे बंद करून ब्रेथ टेस्ट.' सी-२ मी इथे उदाहरणादाखल धरलंय, तुमच्या रुग्णात अ‍ॅट्रोफीची सीमा कुठे आहे ते रिट्रोफ्लेक्स करून (स्कोपचं टोक मागे वळवून) स्वतः पाहा आणि लेसर कर्व्हचा फोटो जोडा.